तारण

घोडेगावहून वर चढणारी एसटी
उंबरदऱ्याच्या फाट्यावर मला सोडून वळते.
पिशवीतली वही पोटाशी धरून
मी शाळेच्या पडवीकडे चालू लागते.
महिन्याचा दुसरा रविवार. गावनिधीची बैठक.

आधीच सांगून टाकते:
एकोणीस वर्षं मी शिवाजीनगरच्या एका बँकेत
वसुली खात्यात होते.
‘आपणांस कळविण्यात येते की’
हे चार शब्द इतक्यांदा टाइप केलेत
की भाजीवाल्यापुढेही कधी कधी तेच येतात तोंडात.

इथं भागधारक दोनशे सहा.
त्यातली चाळीसेक पोरं चाकणला पाळ्या करतात,
पगार झाला की फोनवरून पाचशे धाडतात,
खाली लिहितात: आईला सांगू नका, म्हणेल घरी दे.
अंगणवाडीच्या दोघी ताई, एक वायरमन,
एक निवृत्त कंडक्टर,
जो शंभराची नोटही दोनदा उजेडाला धरतो.
माझे स्वतःचे तीन हजार.
दोन वर्षं व्याज नाही. मिळाली ती
मधाची एक बाटली, तीही गळ्यापर्यंत नव्हती भरलेली.

आज अर्ज ठकूबाई लोहकरेचा.
एक लाख चाळीस हजार, हिरडा वाळवायचं सौर यंत्र.
आजवर कातळावर पसरायची.
रात्री दव, चार दिवसांत बुरशी,
आणि व्यापारी पोत्यात कोपरापर्यंत हात घालून म्हणायचा,
“ओला आहे, मावशी.”
ओल्याचा भाव, वर किलोमागं शंभर ग्रॅम घट.
तिच्यासोबत अकरा बायका.
ती हिशेब पाठ म्हणते, श्वास न घेता,
जणू मध्ये थांबली तर कुणी वजा करेल.

अर्जात नववा रकाना आहे. तारण.
तो मीच आणलाय बँकेतून, सवयीनं.
ठकूबाई जरा विचार करते.
“झाडं डोंगराची. ऊन कुणाचंच न्हाई.
घर नवऱ्याच्या नावावर,
नवरा दिराच्या सांगण्यात.
लिवा काय लिवायचं ते.”
पडवी हसते.
मी पेनाला टोपण लावते, काढते.

मग मागून बुधाजी केंगले उठतो.
त्याचं पान मला वही न उघडता दिसतं:
मधाच्या पेट्या तीस, रुपये पंचाहत्तर हजार,
तिसऱ्या वर्षी मेणअळी,
बाकी एकेचाळीस हजार दोनशे, लाल शाईत.
नोटीस मी लिहून आणली होती.
बैठकीनं ती पाठवू दिली नाही.
उलट त्याला विचारत बसले,
पेट्या कुठं मांडल्या होत्यास, कधी उघडायचास,
आणि ती उत्तरं मला उतरून घ्यायला लावली,
पुढच्याच्या कामी येतील म्हणून.
तो महिन्याला पाचशे आणतो. कधी तीनशे.

“यंत्र ठेवणार कुठं?”
“देवळामागं. टेकाडावर.”
“माझ्या पेट्या तिथंच होत्या.
तीन वाजले की सावली, नि सावलीत ओल.
माझं खाचर पडीक आहे, तिथं पाचपर्यंत ऊन ऱ्हातं.
भाडं माझ्या बाकीत वळतं करा.”

पाऊण तास भाड्यावर जातो.
कंडक्टर तीनशेवर अडलेला, बुधाजी पाचशेवर.
चारशे दहाला मिटतं, दहा कुठून आले कुणालाच कळत नाही.
हात वर होतात. मोजते. पुन्हा मोजते.
विरोधात एक, ठकूबाईची जाऊ.
तेही लिहिते.

शेवटची एसटी साडेपाचची.
फाट्यावर दगडावर बसून
गुडघ्यावर अर्ज ठेवते. नववा रकाना कोराच.
लिहिते: बुधाजीचं खाचर, पाचपर्यंतचं ऊन.
लेखापरीक्षक विचारेल. विचारू दे.

घाईत पेन लाल हाती आलं होतं,
हे मंचर ओलांडल्यावर लक्षात येतं.